स्विम ब्लॅडरमधल्या निमॅटोडला मराठीत काय म्हणायचं?

ईल माशावर मराठीत लिहितेय, त्यात अँग्विलिकोला क्रॅसस नावाचा परजीवी निमॅटोड (एक प्रकारचा कृमी) येतो जो माशाच्या स्विम ब्लॅडरमध्ये, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या हवेच्या पिशवीत राहतो. वायुकोशातला जंत असं लिहिलंय पण कानाला खटकतंय, कुणी सुचवा ना.

— वायुकोश नको ताई, तो फुफ्फुसातला, शाळेच्या पुस्तकात पण तसाच आहे. वाताशय लिहा. आमच्या किनाऱ्यावर बोत म्हणतात, कुणी भोत, घोळीचा बोत म्हणजे तर सोनंच, वाळवून बाहेरदेशी जातो. पण तो बाजारातल्या मालाचा शब्द झाला, जिवंत माशाच्या अवयवाला कुणी बोत म्हणत नाही.

— आणि जंत अजिबात नको. जंत म्हटलं की पोरांच्या पोटातलेच डोळ्यासमोर येतात, म्हणजे आतड्यातले. ह्याचं तसं नाही, पाण्यातली अळी आधी कोपेपॉड गिळतो (बारीक कवचधारी प्राणी असतो तो), त्याला ईल खाते, मग अळी आतड्याची भिंत पार करून वाताशयाच्या भिंतीत शिरते आणि मोठी झाली की आतल्या पोकळीत येऊन रक्त पीत बसते. वाताशय चिरला की रक्त पिऊन काळपट झालेले गुबगुबीत किडे दिसतात. सूत्रकृमी लिहा सरळ, डाळिंबवाल्यांना तर हा शब्द तोंडपाठ आहे.

— पण सूत्र म्हणजे दोरा आणि क्रॅसस म्हणजे लॅटिनमध्ये जाडा 😄 जाडा दोरा!

— असू दे की, अख्ख्या गटाचं नाव आहे ते. अजून एक, होस्टला (परजीवी ज्याच्या अंगात राहतो त्या प्राण्याला) यजमान लिहिलं असेल तर काढा, यजमान पाहुण्याला बोलावतो तरी, इथे कोण बोलावतंय? पोशिंदा बरा. जपानी ईल हा जुना पोशिंदा, तिला फारसा त्रास नाही, पण आशियातून जिवंत ईलचा व्यापार झाला त्यातून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हा युरोपात पोचला आणि तिथल्या ईलला ह्याची सवयच नाही. वाताशयाची भिंत सुजते, जाड होते, लवचिकपणा जातो. आता ह्या ईलला अंडी घालायला पार अटलांटिक महासागरातल्या सारगासो समुद्रापर्यंत जायचं असतं, ५-६ हजार किलोमीटर, काही न खाता, त्यात रोज दिवसा खोल आणि रात्री वर अशी ये-जा. फुगाच निकामी असेल तर सगळी ताकद तरंगत राहण्यातच जाणार. आधीच ती अतिधोक्यात असलेल्या जातींच्या यादीत आहे.

— बरं, म्हणजे वाताशयातले सूत्रकृमी, आणि कोपेपॉड तो मध्यस्थ पोशिंदा. पण मधे छोटे मासे पण येतात ना, ते कोपेपॉड खातात, अळी त्यांच्यात वाढत नाही नुसती पडून राहते, मग ईल त्यांना खाते. त्यांना काय, वाहक?

— वाहक म्हटलं की मलेरियाचा डास आठवतो. साठवण पोशिंदा करा, कळेल लगेच.