८०२.११ स्टँडर्ड १९९७ ला आलं, मग वायफाय १९९९ नंतरच का चाललं?

रानपाखरू:
कॉलेजच्या सेमिनारसाठी वायफायचा इतिहास वाचतेय. त्याचं पहिलं स्टँडर्ड, म्हणजे ८०२.११, १९९७ ला आलं पण लोकांच्या हातात ते १९९९ नंतरच पडलेलं दिसतंय, मग मधली दोन वर्षं घोडं अडलं कुठे? फक्त स्पीड कमी म्हणून? आणि पुढच्या ८०२.११ए च्या आधी ८०२.११बी बाजारात कसं आलं? जाम गोंधळ उडालाय.

जुनी_तार:
स्पीड कमी होताच, १ नाहीतर २ एमबीपीएस, आणि केबलवर तेव्हा सहज १० मिळायचे. पण खरी अडचण वेगळी होती. त्या एका स्टँडर्डमध्ये डेटा हवेतून पाठवायच्या तीन पद्धती मान्य केलेल्या, फ्रिक्वेन्सी हॉपिंग (सतत फ्रिक्वेन्सी बदलत पाठवणं), डायरेक्ट सिक्वेन्स (सिग्नल एका रुंद पट्ट्यावर पसरवून पाठवणं) आणि इन्फ्रारेड, आणि एकीचं दुसरीशी जमायचं नाही. मी तेव्हा न्यू जर्सीत नेटवर्किंगच्या कामावर होतो. एका ऑफिसात कार्ड एका कंपनीचं, ॲक्सेस पॉइंट (वायरलेस सिग्नल देणारा डबा) दुसरीचा, दोन्ही खोक्यांवर ८०२.११ छापलेलं. दुपारभर ड्रायव्हर काढ, परत टाक, अँटेना फिरव, लॅपटॉप पार ॲक्सेस पॉइंटला चिकटवून ठेवला तरी कनेक्ट होईना. संध्याकाळी मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडलं, एक हॉपिंगवालं आणि दुसरं डायरेक्ट सिक्वेन्सवालं. ते जन्मात एकमेकांशी बोलले नसते! गिऱ्हाइकाला हे कसं सांगायचं सांग.
८०२.११बी ने डायरेक्ट सिक्वेन्सचीच वाट धरली आणि स्पीड ११ वर नेला. त्यात १९९९ लाच कंपन्यांनी वेका नावाची संघटना काढली, तिच्या टेस्टमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकमेकांशी चालला तरच वायफायचा शिक्का. माझ्या मते स्पीडपेक्षा या शिक्क्याने जास्त काम केलं.

लहरी_२४:
ए आणि बी दोन्ही १९९९ लाच मंजूर झाले, अक्षरं कामाच्या गटांची आहेत, बाजारात यायच्या क्रमाची नाहीत. ए ५ गिगाहर्ट्झवर, ५४ एमबीपीएस, त्याच्या चिप बनवायला अवघड म्हणून माल मागाहून आला. बी जुन्याच २.४ वर असल्याने पटकन निघालं, जुलै १९९९ ला ॲपलने आयबुकसाठी एअरपोर्ट कार्ड ९९ डॉलरला आणलं तिथून घरोघरी जायला लागलं.
सेमिनारमध्ये १९८५ नक्की घे, अमेरिकेच्या एफसीसीने (रेडिओ लहरींचं नियमन करणारी सरकारी संस्था) २.४ चा पट्टा स्प्रेड स्पेक्ट्रमला, म्हणजे हॉपिंग आणि डायरेक्ट सिक्वेन्ससारख्या पद्धतींना, विनालायसन्स मोकळा केला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. आपल्याकडे तो पट्टा लायसन्समुक्त व्हायला २००५ उजाडलं.

रानपाखरू:
खूप खूप आभार दोघांचे, तीन पद्धतींचं कुठेच एवढं नीट कळलं नव्हतं. वायफाय म्हणजे वायरलेस फिडेलिटी ना, पहिल्याच स्लाइडवर टाकलंय.

जुनी_तार:
ते काढ. वायफाय हे नाव इंटरब्रँड या ब्रँडची नावं बनवणाऱ्या कंपनीकडून बनवून घेतलेलं, फुल फॉर्म नाहीच, फिडेलिटीची ओळ नंतर जाहिरातीत चिकटवली. त्या जागी विक हेस यांचं नाव टाक, १९९० पासून दहा वर्षं ८०२.११ बनवणाऱ्या कमिटीचे अध्यक्ष होते, आणि ते एनसीआरचे, म्हणजे दुकानातली कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीचे. दुकानात काउंटर हलवला की दरवेळी नवी केबल ओढायला लागायची, ती कटकट त्यांना संपवायची होती.