हक्क माहीत नसतात, की सिद्ध करता येत नाहीत?

सिडकोवासी
काल येथे एका लघुउद्योजकांनी लिहिले की नाशिकचा कामगार फसतो तो केवळ अज्ञानामुळे, आणि सगळे कायदे मोबाइलवर फुकट मिळत असताना ते न वाचणाऱ्याने मालकाला दोष देऊ नये. ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो आहे.

मी अंबडच्या एका कारखान्यात अकरा वर्षे प्रेस मशीनवर काम केले. मशीन तेच होते, सुपरवायझरही तेच होते. हजेरी मात्र दोन ठेकेदारांच्या नावांवर आलटूनपालटून फिरत असे. दर सात महिन्यांनी नोकरीत ब्रेक, म्हणजे खंड, दिला जाई आणि नवा गेटपास देताना कोऱ्या कागदावर सही घेतली जाई. बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचे असेल तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, हे आमच्या पाळीतल्या प्रत्येकाला पाठ होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ते होतेच. कोणाच्याच नावावर ते २४० दिवस भरू नयेत म्हणून हजेरी फिरवली जाते, हे न कळण्याइतके आम्ही अडाणी नव्हतो.

२०१९ मध्ये मला गेटवरून परत पाठवले, तेव्हा माझ्या हातात पाच महिन्यांचा एक गेटपास होता आणि त्यांच्या फाइलमध्ये माझ्याच सहीचा राजीनामा होता. यात माझे अज्ञान नेमके कोठे होते, ते मला सांगावे.

सातपूरचा उद्योजक
तो लेख माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे. आपल्यावर अन्याय झाला असेल, तर आपण तक्रार का केली नाही? अनुचित कामगार प्रथांविषयीचा १९७१ चा महाराष्ट्राचा कायदा तक्रारीसाठी ९० दिवस देतो. कायदा माहीत होता म्हणता, मग ते दिवस वाया का घालवलेत?

माझ्याकडे बावीस माणसे आहेत आणि सर्वांचा पगार बँकेत जातो. तरीही तीन वर्षे काम करून सोडून गेलेला एक फिटर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम, मागायला आला, कारण कोणीतरी त्याला सांगितले होते की २४० दिवस भरले की माणूस कायम होतो आणि कायम झाला की सगळे मिळते. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीला पाच वर्षे लागत. हे अज्ञान नाही तर काय आहे? त्याने माझ्या दारात चारचौघांसमोर मला चोर म्हटले, ते मी अजून विसरलेलो नाही.

त्र्यंबकरोडकर
मी कामगार न्यायालयात वकिली करतो. फिटरचा ग्रॅच्युइटीचा दावा चुकीचा होता, हे मान्य. परंतु २४० दिवसांची गोष्ट म्हणजे निव्वळ अफवा, असे उद्योजक सुचवत असतील तर तेही चूक आहे. राज्यातील नमुना स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यांतील सेवाशर्तींच्या सरकारी नियमांच्या, ४-सी या कलमात, बारा महिन्यांत एकूण २४० दिवस काम केलेल्या तात्पुरत्या किंवा बदली (दुसऱ्याच्या जागी काम करणाऱ्या) कामगाराला कायम करावे, असे स्पष्ट लिहिले होते. कमी करताना लागणारे २४० दिवस वेगळे आणि कायम होण्याचे २४० दिवस वेगळे; हा फरक कामगारही पाळत नाहीत आणि मालकही.

सातपूरचा उद्योजक
मग सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा उमादेवी निकाल आपण का सांगत नाही? वर्षानुवर्षे तात्पुरते काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे त्यात म्हटले आहे. सोयीचा तेवढाच कायदा सांगायचा, ही वकिलांची जुनी खोड आहे.

त्र्यंबकरोडकर
आपण माझ्या व्यवसायावर घसरलात, म्हणून स्पष्ट बोलतो. उमादेवी निकाल सरकारी नोकरभरतीसंबंधी आहे. त्याने १९७१ च्या कायद्याखालील औद्योगिक न्यायालयांचे अधिकार काढून घेतलेले नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेच २००९ मध्ये राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितले. कामगारांना तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षे ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित करणे, ही त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील अनुचित प्रथा आहे. आपल्या बावीस माणसांपैकी किती जणांना नियुक्तीपत्र दिले आहे, ते आपण येथे लिहावे.

दिंडोरीची पॅकिंगवाली
दादा, वकीलसाहेब, आपण दोघे निकालांवर भांडता आहात आणि सिडकोवासींचा प्रश्न बाजूलाच राहिला. मी औषधांच्या पॅकिंगला सहा वर्षे होते. मला कमी केले तेव्हा ठेकेदार म्हणाला, ही बाई आमच्याकडे कधी नव्हतीच. माझ्याकडे नियुक्तीपत्र नव्हते आणि पगाराची चिठ्ठीही नव्हती. माझ्या भाच्याने पीएफचे पासबुक काढून दिले, तर त्यात महिन्यामागून महिना त्याच ठेकेदाराने भरलेली रक्कम दिसत होती. मध्ये चौदा महिने कोरे होते. पगारातून कपात त्या महिन्यांतही झाली होती, पण ते दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हते. अखेर ज्या महिन्यांची नोंद होती त्यांचाच हिशेब मिळाला. काम मात्र मी सर्वच महिने केले होते.

त्र्यंबकरोडकर
ताई, मूळ दुखणे आपण दाखवलेत. २४० दिवस काम केल्याचा पुरावा कामगारानेच द्यायचा आणि त्याचे एकट्याचे प्रतिज्ञापत्र त्यासाठी पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या हदीमनी निकालात म्हटले. पुढे यल्लाटी निकालात न्यायालयाने मान्य केले की रोजंदारीच्या कामगाराला बहुधा नियुक्तीपत्र किंवा पगाराची पावती मिळालेलीच नसते, म्हणून त्याने साक्ष द्यावी आणि मालकाकडून मस्टर, म्हणजे हजेरीपुस्तक, मागवावे. तरीही मस्टर आले नाही म्हणून कामगार आपोआप जिंकत नाही. मी हरलेल्या बहुतेक प्रकरणांत कामगाराला कायदा माहीत होता.

सातपूरचा उद्योजक
कोऱ्या कागदावर सह्या घेणारे कारखाने आहेत, हे मला माहीत आहे. मी लेखात ते लिहायला हवे होते, एवढे मान्य करतो. सर्व मालकांना एका माळेत ओवणे मात्र मान्य नाही. वकीलसाहेबांनी विचारले म्हणून सांगतो, नियुक्तीपत्र बावीसपैकी नऊ जणांना दिले आहे. जुन्या केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून त्यांत नियुक्तीपत्र सर्वांना बंधनकारक आहे, हे मला कळते. उरलेल्या तेरा जणांची पत्रे या महिन्यात देतो.

सिडकोवासी
त्या तेरा जणांच्या पत्रांवर रुजू झाल्याची खरी तारीख घालावी, आजची नव्हे. ९० दिवसांविषयी आपण विचारले होते. त्यांतले पहिले साठ दिवस मी, ठेकेदार पुन्हा बोलावतो म्हणाला होता, म्हणून रोज सकाळी गेटवर उभा राहण्यात घालवले.