पोकेमॉनमधला टेरा बंद कशाला? विश्रामबागच्या रविवारच्या सामन्यांचा नियम

कृष्णाकाठ:
"टेरा म्हणजे निव्वळ जुगार, रविवारच्या सामन्यांत बंद करा" असं हळदपेठ यांनी काल गटावर लिहिलं. अजिबात पटलं नाही, म्हणून हा धागा. नवख्यांसाठी: पोकेमॉनच्या खेळात सामन्यात एकदा एका गड्याचा टाइप (फायर, नॉर्मल, घोस्ट असा प्रकार) बदलता येतो, तोच टेरा.
नेहमीचं रडगाणं ड्रॅगनाइटचं, तो ड्रॅगन-फ्लाइंग टाइपचा. बर्फाचा मार त्याला चौपट बसतो. टेरा नॉर्मल केलं की तोच मार साधा होतो, आणि त्याचा नॉर्मल टाइपचा हल्ला, ८० ताकदीचा एक्स्ट्रीम स्पीड, टाइप जुळल्याने दीडपटीने १२० वर जातो. पण किंमतही बघा की! फ्लाइंग गेलं, म्हणजे भूकंप हा जमिनीचा हल्लाही लागू झाला. निम्मा बसणारा फायटिंगचा मार आता दुप्पट. समोर घोस्ट आणला तर एक्स्ट्रीम स्पीड लागतच नाही. संघात घोस्ट ठेवायचा नाही आणि नियमाला दोष द्यायचा?

हळदपेठ:
हे उपाय टेरा झाल्यावर सुचतात, तोवर आपला एक गडी पडलेला असतो. मेगाचं, म्हणजे सामन्यापुरतं अंग बदलून बळ वाढायचं त्याचं, तसं नव्हतं. मेगास्टोन धरला की दुसरा आयटम नाही, आणि मेगा कोण होणार ते संघ बघूनच कळायचं. टेराला सहापैकी कुणीही चालतो, कधीही.

कृष्णाकाठ:
बघून कळायचं? चारिझार्डचा मेगा एक्स होणार की वाय, हे कळायचं? भूकंप एक्सला दुप्पट बसतो, वायला लागतच नाही. आणि रेक्वाझाला तर स्टोनही नको, ड्रॅगन असेंट ही मूव्ह (चाल) शिकला की झालं!

हळदपेठ:
रेक्वाझाचं मान्य. चारिझार्डचं नाही. स्टेल्थ रॉक, म्हणजे आत येणाऱ्याला टोचणारे दगड, पसरलेले असले की पुढे एक्स होवो वा वाय, मेगा होण्याआधी आत येतानाच निम्मा एचपी (जीव) जातो. अंदाज बांधायची गरजच नाही.

कासपठार:
आकडे बाजूला ठेवा, खरं दुखणं डोळ्यांना दिसतंय. मेगा बीड्रिलचा वेग ७५ वरून १४५, आणि तो अंगावर दिसतो, पायांचेसुद्धा डंख झालेत. टेरात काय? इलेक्ट्रिकला डोक्यावर बल्ब, फ्लाइंगला फुग्यांचा झुबका. अंग तेच, वर टोपी. ही वस्तू चिकटवायची खोड जुनी आहे. २०१० ला आईस्क्रीमचा पोकेमॉन, २०१३ ला किल्ल्यांच्या जुडग्याचा. कास पठारावरचा ड्रॉसेरा, ते किडे खाणारं रोपटं, बघा एकदा. पानावरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब, किडा बसला की केस त्याच्याकडे वळतात. टाइप, अबिलिटी (अंगचा गुण), मूव्ह, सगळं त्या एका पानात आहे.

मिरजवाला:
१९९६ चा व्होल्टॉर्ब, तो चेंडू, कोण होता मग? चुंबकांचा मॅग्नेमाइट? तेव्हा वस्तू चालल्या, आता नाही? जुडग्याला नावं ठेवण्याआधी क्लेफकी खेळून बघा. स्टील-फेअरी, त्यात प्रँक्स्टर ही अबिलिटी, लुळं पाडणारी थंडर वेव्ह समोरच्याच्या आधी पडते.
टोपी लांबून ओळखू येते, तेच तिचं काम. खेळाच्या सहाव्या पिढीत मेगा फक्त ४६ जातींना होता, टेरा सगळ्यांना. सगळ्यांना नवं अंग कोण काढणार?

कासपठार:
खेळात चालतो म्हणून चित्र चांगलं ठरत नाही. मुद्दा फिरवू नका.

मिरजवाला:
फिरवत नाही. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याचा पोकेमॉन करा, वस्तूच ना? खाली वाळवलेला भोपळा, म्हणजे ग्रास. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा सरकवत जा, एका जागी जव्हारी (तारेची गुंज) खुलते आणि आवाज भरून येतो. तो दोरा हीच अबिलिटी. पंक रॉक ही अबिलिटी आवाजी मूव्हला १.३ पट करतेच, ही तशीच करा. मेगा झाला की भोपळा फुगेल, बाकी अंगाला हात लावू नका. वस्तूत दोष नसतो. ती काय करते हे अंगावर दिसलं नाही, तर दोष.

कासपठार:
तंबोऱ्याचं पटलं, कारण भोपळा मुळात वेलावरचा. आईस्क्रीमचं कधीच पटणार नाही.

कृष्णाकाठ:
मूळ प्रश्नावर या हो. स्कार्लेट-व्हायलेट या खेळांवर झालेल्या व्हीजीसीच्या, म्हणजे पोकेमॉनच्या अधिकृत स्पर्धांत संघाची यादी उघडी असायची, तीत टेरा टाइपही असायचा. आपणही तेच करू. शनिवारी रात्रीपर्यंत गटावर यादी टाकायची: आयटम, अबिलिटी, चार मूव्ह, टेरा टाइप.

हळदपेठ:
यादी उघडी असेल तर माझी निम्मी तक्रार मिटते. निम्मीच. पण ज्याची यादी वेळेत आली नाही त्याला त्या दिवशी टेरा नाही, हेही नियमात लिहा.

कृष्णाकाठ:
लिहितो.