वरच्या वातावरणासाठी रॉकेट उड्डाण विकत घ्यावं, की मोहिमेची वाट पाहावी?

आयनोग्राम (धागाकर्ता)
संशोधनाचे फुगे साधारण 40 किलोमीटरपर्यंत जातात. उपग्रह 200 किमीच्या खाली फार दिवस टिकत नाही, हवेचं घर्षण त्याला खाली ओढतं. मधल्या पट्ट्यात उपकरण प्रत्यक्ष न्यायचं तर साउंडिंग रॉकेटला (वर जाऊन मोजमाप करून परत खाली पडणाऱ्या छोट्या रॉकेटला) पर्याय नाही.

आपल्याकडे इस्रोची रोहिणी मालिका आहे. आरएच-200 हे 10 किलो घेऊन 80 किमीपर्यंत जातं, आरएच-300 मार्क-2 हे 60 किलो घेऊन 160 किमीपर्यंत, आणि आरएच-560 मार्क-2 हे 100 किलो घेऊन 470 किमीपर्यंत. रॉकेटं उत्तम आहेत, पण मोहीम मंजूर झाली तरच शास्त्रज्ञाच्या वाट्याला येतात. दरम्यान खासगी कंपन्यांपैकी स्कायरूटचं विक्रम-एस 18 नोव्हेंबर 2022 ला श्रीहरिकोटाहून उडालं आणि अग्निकुलचं रॉकेट 30 मे 2024 ला त्यांच्याच लाँचपॅडवरून. माझं म्हणणं सरळ आहे: नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेसारख्या संस्थांनी प्रकल्पाच्या पैशातून उड्डाण विकत घ्यावं, जसा स्पेक्ट्रोमीटर घेतात तसं.

लँगम्यूर
असहमत. विक्रम-एस 89.5 किमीपर्यंत गेलं. केरळमधल्या थुंब्यावरून जी विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट (चुंबकीय विषुववृत्तावर वाहणारा विद्युत प्रवाह) मोजायची, तिचा गाभा 105 किमीच्या आसपास. म्हणजे रॉकेट दारापर्यंतही पोचलं नाही. 80 किमीच्या वर त्याला जेमतेम दीड मिनिट मिळतं.

आता 160 किमी गाठणारं रॉकेट घ्या. 105 किमीच्या थरातून ते सेकंदाला साधारण 1 किमी वेगाने जातं. सेकंदाला 1000 नोंदी घेतल्या तर दर मीटरला एक नोंद पडते. आंध्रातल्या गडंकीचं 53 मेगाहर्ट्झचं रडार 2.8 मीटरच्या लहरी पाहतं. त्याच्याशी ताडून पाहायचं तर यापेक्षा विरळ नोंदी चालणार नाहीत. तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न किलोचा भाव नाही, टेलिमेट्री (उडत्या रॉकेटमधून रेडिओने खाली येणारा डेटा) किती देणार हा.

दुसरी गोष्ट गिरकीची. रॉकेट सेकंदाला 5 गिरक्या घेत असेल तर प्रोब (इलेक्ट्रॉन मोजणारं टोक) प्रत्येक गिरकीत एकदा रॉकेटच्या सावलीत, म्हणजे मागच्या विरळ प्लाझ्मात (विद्युतभारित वायूत) जातो आणि त्याचा प्रवाह पडतो. 1 किमी वेगाला हे बरोबर 200 मीटर लांबीच्या लहरीसारखं दिसतं. ही लहर आकाशात नसते, रॉकेटच्या अंगची असते. बूम (प्रोबला रॉकेटपासून दूर धरणारा दांडा) पुरेसा लांब आणि गिरकीचा वेग स्वतंत्र सेन्सरने नोंदलेला नसेल, तर हा आलेख निष्कर्ष म्हणून छापलासुद्धा जाईल.

बुस्टर
विक्रम-एस हे तंत्रज्ञान दाखवण्याचं उड्डाण होतं. त्याच्या उंचीवरून सगळ्या सेवेचा निकाल लावणं म्हणजे नमुन्याच्या तुकड्यावरून अख्खं ठाण नाकारणं.

माझा मुद्दा उंचीचा नाही, जोडणीचा आहे. स्वीडनमधल्या एसरेंज तळाहून उडणाऱ्या रेक्सस रॉकेटचं उदाहरण घ्या. विद्यार्थ्यांचे प्रयोग 356 मिमी व्यासाच्या ठरलेल्या मॉड्यूलमध्ये बसतात. वीज 28 व्होल्ट, डेटा आरएस-422 वरून, आणि तीन इशारे: उड्डाण झालं, प्रयोग सुरू करा, साठवण सुरू करा. एवढ्यावर कोणत्याही विद्यापीठाची टीम वर्षभर आधी आपल्या टेबलावर सर्किट बांधून तपासू शकते. आपल्याकडे अशी छापील जोडणी उघड विकली तर निम्मी डोकेदुखी जाईल. नाहीतर प्रत्येक प्रयोगाला वेगळा कनेक्टर आणि वेगळी बैठक.

लँगम्यूर
रेक्सस छानच आहे, पण तो बाजार नव्हे. स्वीडिश आणि जर्मन अंतराळ संस्था पदरचे पैसे घालून तो चालवतात. आणि अमेरिकेतली प्रवासी कुपी दाखवू नका म्हणजे झालं. ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू शेपर्डमध्ये तीनेक मिनिटं शून्य गुरुत्व मिळायचं, द्रवांच्या आणि पेशींच्या प्रयोगांना उत्तम. आमचा प्लाझ्मा मात्र कुपीच्या बाहेर असतो. एवढ्या मोठ्या धडातून निघणारे वायू आणि थ्रस्टरचे फवारे यांत इलेक्ट्रॉन मोजायचे तर मोजमाप कुपीचंच होणार.

सांजवारा
दोघेही खर्‍या अडचणीला बगल देताय. अडचण वेळेची आहे.

स्प्रेड-एफ, म्हणजे आयनोस्फिअरच्या वरच्या एफ थरातली खळबळ, सूर्यास्तानंतर उपजतं, तेही रोज नाही. मोहिमेत आयनोसोंडवर (रेडिओ लहरी वर सोडून थरांची उंची मोजणाऱ्या यंत्रावर) नजर ठेवून, एफ थर वर चढताना दिसला की मगच काउंटडाउन पुढे नेतात. सोबत वरच्या वाऱ्याचा माग काढायला चमकणारा ढग करणारं ट्रायमिथाइल अ‍ॅल्युमिनियम सोडायचं असेल तर अंधार हवा आणि जमिनीवरच्या प्रत्येक कॅमेऱ्यावर आकाश निरभ्र हवं. एका ठिकाणी ढग आला तर त्रिकोणमापन बोंबललं आणि वारा हाती लागत नाही. शिवाय हे रसायन हवा लागताच पेटतं, म्हणजे ते भरण्याची आणि उड्डाण रद्द झालं तर सुरक्षित उतरवण्याची वेगळी व्यवस्था. सोडियमचं तिसरंच: ढग उन्हातच चमकतो, म्हणून जमिनीवर अंधार आणि वर ऊन अशी संधिकालाची थोडकी मिनिटं. 21 नोव्हेंबर 1963 ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं तेव्हाही हेच गणित होतं.

यात जमिनीलगतचा वारा धरा. रोहिणीसारख्या दिशादर्शक यंत्रणा नसलेल्या रॉकेटला पहिली काही सेकंदं वारा वळवतो, कारण तेव्हा वेग कमी असतो. फुगे सोडून वारा मोजायचा, लाँचरचा कोन त्यानुसार बदलायचा. मर्यादा ओलांडली की थांबायचं. समुद्रात मासेमारी होडी आली की पुन्हा थांबायचं.

असे दहा दिवस थांबावं लागलं तर त्यांचे पैसे कोण देणार? तारीख विकणाऱ्या कंपनीला दहा दिवस लाँचपॅड अडवून ठेवणं परवडत नाही. इस्रोला परवडतं, कारण ते दिवस कोणाच्या बिलावर चढत नाहीत.

आयनोग्राम
हा मुद्दा मान्य. पण मग ज्याची वेळ पंचांगात छापलेली असते असे प्रयोग तरी विकत घ्या. 15 जानेवारी 2010 च्या कंकणाकृती ग्रहणात थुंबा आणि श्रीहरिकोटाहून रॉकेटं उडवली होती. 8 एप्रिल 2024 ला नासाने वॉलॉप्सहून तीन उडवली: ग्रहणाच्या 45 मिनिटं आधी, ऐन ग्रहणात आणि 45 मिनिटांनी. 21 मे 2031 चं कंकणाकृती ग्रहण केरळ-तमिळनाडूतून जाणार आहे. तिथे तिन्ही उपकरणं एकाच साच्यातली असणं महत्त्वाचं, आणि तेच कारखाना चांगलं करू शकतो.

सांजवारा
ग्रहणाला थांबायची सोय नाही, म्हणून तिथे विश्वासार्हता सर्वांत आधी. आरएच-200 ची 23 नोव्हेंबर 2022 ला लागोपाठ 200 वी यशस्वी फेरी झाली. नवी कंपनी त्याच्या जवळपास कधी पोचेल?

बुस्टर
आरएच-200 वर तांब्याचे बारीक तंतू सोडून रडारने वाऱ्याचा माग काढतात, इलेक्ट्रोजेटपर्यंत तेही जात नाही. 160 किमीवाल्याचा हिशेब वेगळा मांडा.

करारात दोन दर ठेवावेत: उड्डाणाचा एक आणि लाँचपॅड अडवल्याच्या प्रत्येक दिवसाचा एक. प्रकल्प मंजूर होतानाच दुसऱ्यासाठी रक्कम राखून ठेवायची. नोजकोन (रॉकेटच्या टोकावरचं झाकण) सुटलाच नाही तर दुसरं उड्डाण फुकट की निम्म्या दरात, हेही आधीच लिहून घ्यायचं.

लँगम्यूर
नोजकोन सुटला पण बूम उघडला नाही, तर चूक कोणाची? बूम माझा, तो उघडण्याचा इशारा तुमचा. ते कलम आधी लिहा, दराचं मग बघू.