होमस्टेच्या पडवीत ट्रान्स पार्टीच्या उशा: ठेवू की परत पाठवू?

पडवीतली_माई (शिरोडा)
लेकाने होमस्टेसाठी सहा उशा मागवल्यात, ट्रान्स म्हणजे त्या धडधडत्या संगीतावर नाचायच्या पार्टीत शोभतील अशा. झोपायच्या नव्हेत, पडवीतल्या बाकावर टेकायच्या. एकीवर पिवळा हसरा चेहरा, दोघींवर भगभगीत अळंब्या, एकीवर डोळ्यांचं चक्र, एक चक्क औषधाच्या गोळीसारखी आणि एकीवर ॐ, भोवती हिरवी-जांभळी वेटोळी. लेक म्हणतो, तेरेखोल ओलांडली की गोवा, तिथून पोरं मोटरसायकली घेऊन येतात, त्यांना आवडेल. माझी निम्मी गिऱ्हाइकं मात्र रेडीच्या गणपतीला सहकुटुंब आलेली. काय करू?

निवृत्त_मास्तर
परत पाठवा. नशेची जाहिरात आहे ती. सातवीतल्या पोराने विचारलं, ही गोळी कसली, तर काय सांगाल? क्रोसिन?

बांदा_ते_पणजी
मास्तर, तो पिवळा चेहरा नशेत जन्मला नाही. १९६३ साली हार्वी बॉल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांना जरा हुरूप यावा म्हणून काढला. ४५ डॉलर मिळाले त्याला. १९८८च्या सुमारास इंग्लंडातल्या ॲसिड हाउस नावाच्या नाचाच्या संगीतवाल्यांनी तो उचलला. आणि गोवा ट्रान्स तर शेजारच्या घरचा माल! हणजूणच्या वाळूत हिप्पींच्या पार्ट्यांतून वाढला आणि १९९०नंतर जगभर गेला. इस्रायलात पोरं त्यावर नाचतात, आपण इथे बसून नाकं मुरडतो.

निवृत्त_मास्तर
चेहरा विमा कंपनीचा, मान्य. गोळी कुणी काढली, एलआयसीने?

बांदा_ते_पणजी
गोळी मीपण ठेवणार नाही. तेवढं सोडा.

खारो_वारो (वेंगुर्ला)
गोळयेवरून भांडतास, पन आत काय भरलेला आसा ता कोणी इचारूक नाय. हय पावसात चार महिने कायच सुकत नाय. कव्हराक बुरशी येतली, चेन गंजान बसतली. माझ्या आयेन केल्ली सावरीच्या कापसाची उशी अजून आसा.

पाटीवाला_रंगारी (कुडाळ)
रंगांचं माझ्याकडून घ्या. हे असले रंग अतिनील किरण शोषून त्याचा दिसणारा उजेड करतात, म्हणून पार्टीतल्या जांभळ्या दिव्याखाली पेटल्यासारखे वाटतात. त्या दिव्याखाली मास्तरांचा धुण्याच्या पावडरीने उजळलेला सदरासुद्धा तसाच चमकेल. (ओढून न्या कुणीतरी त्यांना एकदा.) पण उन्हात हेच रंग आधी मरतात. मी पाटीवर फ्लोरोसंट मारला की पुढच्या वर्षी गिऱ्हाईक भांडायला हजर. माई, तुमची पडवी पश्चिमेला ना? मग दिवाळीत लावलेल्या उशा मे महिन्यात फिक्या पडलेल्या दिसतील. पैसे किती दिलेत ते आधी सांगा.

कुडाळची_सून
तुम्ही सगळे गोळीवर अडलात. मला गोळी एक वेळ चालेल, ॐ नाही चालणार. ट्रान्सवाल्यांच्या पडद्यांवर शंकर, गणपती, ॐ सर्रास असतात. ते निदान वर टांगलेले असतात. इथे माणूस पाठ टेकणार, मग पाय टाकणार, पोर त्यावर मच्छीकढी सांडणार.

बांदा_ते_पणजी
गणपतीच्या कॅलेंडरच्या कागदात फरसाण बांधून मिळतं तेव्हा कोण परत करतं?

कुडाळची_सून
मी करते. विचारा आमच्या वाण्याला. रंगांचा धुडगूसच हवा तर सावंतवाडीची गंजिफा छापून घ्या ना उशीवर. गोल पत्ते, लाखेची झळाळी, आपल्याच घरचं काम.

पाटीवाला_रंगारी (कुडाळ)
वहिनी, गंजिफेचा दशावतारी संच १२० पत्त्यांचा, त्यात दहाही अवतार. मत्स्यावर बसायचं की वराहावर?

कुडाळची_सून
😐 बिनदेवाचे, नुसत्या ठिपक्यांचे पत्ते घ्या.

पडवीतली_माई (शिरोडा)
विकणारा म्हणतो संच सुटा होत नाही, सहाच्या सहा परत करा नाहीतर ठेवा. म्हणून ॐचं कव्हर काढून कपाटात ठेवलं आणि आतली उशी जुन्या नऊवारीच्या खोळीत भरली. गोळी लेकाच्या खोलीत. रंगारीभाऊ, पैसे विचारू नका. बाकी तीन पडवीत आहेत, हसरा चेहरा धुवायला टाकलाय. काल पुण्याच्या एक आजी आलेल्या. अळंब्यांवरून हात फिरवून म्हणाल्या, ही खायची की विषारी?