मुलांच्या खोलीसाठी कापड आणि फर्निचर घेताना नेमके काय तपासावे?

दोघांचीआई

आमची मुलगी चार वर्षांची आहे आणि धाकटा सात महिन्यांचा. येत्या दोन महिन्यांत दोघांसाठी मिळून एक खोली तयार करायची आहे. गाद्या, चादरी, पडदे, एक कपाट, जमिनीवर अंथरायला काहीतरी आणि भिंतींचा रंग अशी सगळी खरेदी एकदम होणार असल्याने मी गेले काही आठवडे या विषयावर वाचते आहे, आणि जितके वाचते तितका गोंधळ वाढतो आहे. प्रत्येक वस्तूवर ‘नैसर्गिक’, ‘पर्यावरणपूरक’ किंवा ‘बाळासाठी सुरक्षित’ असे काहीतरी छापलेले असते. त्यामागे कुणी काही तपासलेले असते की नाही, हे त्या शब्दांवरून कळत नाही.

दोन अनुभव सांगते. मुलीची त्वचा कोरडी आहे आणि कोपराच्या लवणीत तिला अधूनमधून पुरळ येते. मागच्या महिन्यात नवी चादर घातली, तेव्हा ती दोन रात्री खाजवत होती. तीच चादर तीन-चार वेळा धुतल्यावर मात्र काही झाले नाही. चादरीवर ‘शंभर टक्के सुती’ असे स्पष्ट लिहिलेले आहे आणि ती इतकी चांगली आहे की वाळल्यावर इस्त्रीही करावी लागत नाही. दुसरा अनुभव कपाटाचा. दुकानात पसंत केलेल्या कपाटाचे दार उघडताच माझे डोळे चुरचुरले. विक्रेत्याने सांगितले की हा नव्या वस्तूचा वास आहे, आठवडाभरात जाईल.

सगळ्याच वस्तू सर्वोत्तम दर्जाच्या घेणे आम्हाला शक्य नाही. मग पैसे आणि काळजी आधी कशावर खर्च करावी, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

ताणाबाणा

चादरीचे उत्तर आपल्या प्रश्नातच आहे: तिला इस्त्री लागत नाही. मी बरीच वर्षे कापडाच्या प्रक्रिया विभागात काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

चुरगळणे हा सुताचा स्वभाव आहे. सुती कापडाचा कोपरा मुठीत आवळून पंधरा-वीस सेकंदांनी सोडला, तर त्यावर सुरकुत्या दिसायलाच हव्यात. शुद्ध सुती असूनही कापड जसेच्या तसे उलगडत असेल, तर सुरकुत्या पडू नयेत म्हणून त्यावर रेझिनची, म्हणजे धाग्यांना पक्के धरून ठेवणाऱ्या रसायनाची, प्रक्रिया केलेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि या कामासाठी वापरली जाणारी बहुतेक रेझिने फॉर्माल्डिहाइड या डोळे आणि त्वचा चुरचुरवणाऱ्या वायूपासून तयार होतात. त्यातला मोकळा राहिलेला अंश पहिल्या काही धुण्यांत बराचसा निघून जातो. आपल्या मुलीचा त्रास धुतल्यानंतर थांबला, हे याच्याशी जुळते. अर्थात सुटा रंग किंवा इतर एखादे फिनिशही कारण असू शकते, आणि पुरळ टिकून राहिले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे हाच मार्ग आहे. ‘शंभर टक्के सुती’ हे शब्द धागा कशाचा आहे एवढेच सांगतात. विणून झाल्यावर त्या कापडावर काय काय चढवले गेले, याविषयी ते काहीच बोलत नाहीत.

‘बांबूचे कापड’ या नावाचीही तीच गत आहे. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा पुन्हा धागा काढतात आणि तो धागा म्हणजे व्हिस्कोस रेयॉन असतो. स्पर्शाला तो उत्तम असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूळ झाडाचे म्हणून सांगितले जाणारे जंतुरोधक गुण त्यात उरत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये असे दावे करणाऱ्या विक्रेत्यांवर कारवाई केली होती.

लेबलांपैकी दोन अर्थपूर्ण आहेत, पण ती दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० हे १९९२ पासूनचे प्रमाणपत्र तयार वस्तूतील अपायकारक द्रव्ये तपासते, आणि त्यात शिलाईचा दोरा, बटण, चेन हे सगळे धरले जाते. त्याचा पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असून सर्वांत कडक आहे. कापूस सेंद्रिय आहे की नाही, याच्याशी मात्र त्याचा संबंध नाही. गॉट्स (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड) हे प्रमाणपत्र धाग्याचे मूळही पाहते आणि पुढची प्रक्रियाही. त्यात ‘सेंद्रिय’ म्हणवून घ्यायला किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो. नुसते ‘सेंद्रिय कापूस’ असे छापलेले असेल, तर ते शेतापुरते बोलते, रंगाच्या हौदाविषयी नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक लेबलवर असतो आणि तो त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. क्रमांक नसेल तर मी त्या छापील चिन्हाला किंमत देत नाही.

आता आपला मुख्य प्रश्न. वस्तू मुलाच्या नाकातोंडापासून किती अंतरावर असते आणि रोज किती तास असते, या दोन गोष्टींवरून खरेदीचा क्रम ठरवावा. त्या हिशेबाने गादी, चादर आणि मुलीच्या उशीचा अभ्रा सर्वांत वर येतात, कारण मूल निम्म्याच्या आसपास आयुष्य तिथे काढते. पडदे अगदी शेवटी येतात. ते धुता येण्यासारखे असले की पुरे. चादरीसाठी साधे, फिक्या रंगाचे, इस्त्री मागणारे सुती कापड घ्यावे आणि वापरण्याआधी दोन-तीन वेळा धुवावे. कापड मऊ करणारा सुगंधी द्रव धुण्यात घालू नये. त्याचा थर कापडावर राहतो आणि कोरड्या त्वचेला तो सुगंधच त्रास देऊ शकतो.

‘डाग न पडणारे’ असे लिहिलेले गालिचे आणि आच्छादने मी मुलांच्या खोलीसाठी घेणार नाही. तेल आणि पाणी दोन्ही झटकून टाकणारे फिनिश बहुधा फ्लोरिनयुक्त रसायनांचे असते. त्या कुळातील पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवर बंदी वा निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेले, ते शरीरात आणि निसर्गात वर्षानुवर्षे टिकतात म्हणूनच. घरी पडताळायचे असेल तर कापडावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहावा. तो मण्यासारखा गोल राहून घरंगळला, तर काहीतरी चढवलेले आहे असे समजावे.

रंधा

मी लाकूडकामातला माणूस आहे, त्यामुळे कपाटापुरते लिहितो. ते कपाट घेऊ नये.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा किंवा तंतू गोंदाने दाबून केलेली फळी. तो गोंद बहुतेकदा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा असतो. हवेतील ओलाव्याने त्याचे हळूहळू विघटन होत राहते आणि फॉर्माल्डिहाइड बाहेर पडत राहते. उष्णता आणि दमटपणा वाढला की त्याचा वेग वाढतो. म्हणून ‘आठवडाभरात जाईल’ हे खरे नाही. पहिल्या काही महिन्यांत प्रमाण उतरत जाते, पण पुढेही ते बराच काळ थोडे थोडे सुटत असते. तोवर आपल्या नाकाला वासाची सवय झालेली असते, एवढाच काय तो फरक. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. बोर्डावरचा ‘ई-१’ हा युरोपीय दर्जा चाचणीच्या पेटीत घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅमपर्यंत परवानगी देतो. म्हणजे ई-१ बोर्ड वाईट नव्हे, पण लहान, बंद खोलीत तसे बोर्ड भरपूर कोंबले तर बेरीज होते.

दुकानात पाहताना दर्शनी बाजूकडे पाहण्यात अर्थ नाही, तिला लॅमिनेट असतेच. खण पूर्ण बाहेर ओढून त्याचा तळ पाहावा, मागची फळी पाहावी, कप्प्यांच्या खिळ्यांसाठी पाडलेल्या भोकांच्या रांगेवरून बोट फिरवावे. तिथे भुरा बोटाला लागत असेल आणि मागच्या कडा उघड्या असतील, तर वायू सुटायला वाट मोकळी आहे. सगळ्या कडांना पट्टी असलेले कपाट घ्यावे किंवा उघड्या कडा स्वतः बंद करून घ्याव्यात. साधे घन लाकूड परवडत असेल तर प्रश्नच नाही. बाहेरच्या वापरासाठीचे फिनॉलिक गोंदाचे प्लायवूडही चालते, त्यातून उत्सर्जन फार कमी असते.

जुने फर्निचर हा चांगला पर्याय आहे, कारण त्यातला वायू उडून गेलेला असतो. अट एकच: जुना रंग पोपडे धरत असेल तर ते घेऊ नये आणि कोरडा घासू तर मुळीच नये. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

आणि वासापेक्षा तातडीची गोष्ट: कपाट भिंतीला पट्टीने आवळून घ्या. चार वर्षांचे मूल खालचे तीन खण ओढून त्यांची शिडी करते आणि वरचे खेळणे काढायला जाते. कपाटाचा तोल तेव्हाच जातो.

कोरेसूत

ताणाबाणा यांच्या थेंबाच्या परीक्षेत एक दुरुस्ती सुचवते. कोऱ्या मांजरपाटावरही थेंब गोल राहतो, कारण कापसाच्या तंतूवर मुळातच मेणाचा पातळ थर असतो आणि न धुतलेल्या कापडात खळही असते. तेव्हा ही परीक्षा कापड एकदा गरम पाण्यात धुऊन मगच करावी. नाहीतर ज्या कापडावर काहीही चढवलेले नाही, नेमके तेच आपण नाकारू.

माझ्या मुलाला दमा आहे, त्यामुळे रसायनांइतकाच विचार मला धुळीतील माइट्सचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांचा, करावा लागतो. शुद्ध लोकर आणि सेंद्रिय कापूस यांतही ते सुखाने राहतात, कारण त्यांचे खाणे म्हणजे आपल्याच त्वचेचा कोंडा. चादरी दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतल्या की ते मरतात. गरम पाणी न सोसणारी मऊ खेळणी मी पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवते आणि मग धुते, कारण थंडीने माइट्स मेले तरी त्यांची विष्ठा उरते आणि त्रास मुख्यत्वे तिचाच असतो. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा नको. उचलून झटकता आणि धुता येईल अशी लहान सतरंजी पुरते.

धाकट्याबद्दल कुणी लिहिले नाही. वर्षाचा होईपर्यंत त्याच्या पलंगात कठीण, सपाट गादी आणि ताणून बसवलेली चादर एवढेच असावे. उशी, दुलई, मऊ खेळणी, कठड्याला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, काही नको. कापड कितीही शुद्ध असले तरी त्यात नाक दबले तर उपयोग काय? कठड्याच्या दोन गजांमध्ये सहा सेंटिमीटरहून अधिक फट नको. आणि पलंग खिडकीपासून दूर ठेवावा. पडद्यांचा मी शेवटी विचार करणार नाही, तो याच कारणासाठी: पट्ट्यांच्या पडद्याची लोंबती दोरी मुलाच्या गळ्यात अडकू शकते. दोरी नसलेलेच पडदे घ्यावेत.

ताणाबाणा

दोन्ही दुरुस्त्या मान्य. दोरीचा विचार मी केलाच नव्हता. कापडात काम केलेल्या माणसाला कापडच दिसते.

दोघांचीआई

सर्वांचे मनापासून आभार. कपाटाचा विचार सोडला. माझ्या आत्याकडे एक जुने, पॉलिश केलेले लाकडी कपाट पडून आहे, ते आणतो आहोत. एक शंका उरली. सध्याची फोमची गादी पाच वर्षांची आहे आणि तिची खोळ एका कोपऱ्यात उसवली आहे. नवी घ्यावी की खोळ शिवावी? आणि रंग कधी लावावा?

रंधा

रंग सर्वांत आधी. पाण्यात मिसळणारा, कमी व्हीओसीचा (हवेत उडून जाणारी रसायने कमी असलेला) घ्या आणि मुले झोपायला येण्याआधी तीन-चार आठवडे खिडक्या उघड्या ठेवा. वास शोषून घेतील म्हणून कुंड्या आणू नका. घराच्या हवेवर चार कुंड्यांचा परिणाम नगण्य असतो, खिडकीचा मोठा असतो.

ताणाबाणा

फोम फक्त उघडा पडला असेल आणि हाताला त्याचा भुगा लागत नसेल, तर खोळ शिवून मुलीसाठी वापरायला हरकत नाही. भुगा लागत असेल तर गादी बदला. काही फोममध्ये आग रोखणारी रसायने मिसळलेली असतात. ती झिजलेल्या फोममधून घरातल्या धुळीत उतरतात आणि जमिनीवर रांगणारा मुलगा तीच धूळ हाताने तोंडात घालतो. तोवर खोलीत कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसत जा. धाकट्याला मात्र ती गादी देऊ नका, पाच वर्षांत मध्यभागी खोलगट झालेली असेल.

दोघांचीआई

आत्ताच हात दाबून पाहिला. मध्ये खोलगट आहे, आणि उसवलेल्या कोपऱ्यातून पिवळा भुगाही निघाला. गादी जाते आहे.