फूला बेटाने नवं वर्ष १३ जानेवारीलाच साजरं करत राहावं का?

मंजिरी:
स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला फूला नावाचं छोटं बेट आहे, वस्ती जेमतेम तीसेक माणसांची. तिथे यूल म्हणजे नाताळ ६ जानेवारीला आणि नवं वर्ष, त्याला ते न्यूअरडे म्हणतात, १३ जानेवारीला. ब्रिटनने १७५२ मध्ये कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले पण या लोकांनी सणांपुरतं जुनंच चालू ठेवलं. माझं स्पष्ट मत, ही तारीख बदलू नये. ३१ डिसेंबरला सगळीकडे तेच काउंटडाउन, तेच फटाके. फूलावर सणाच्या संध्याकाळी लोक एका घरात जमतात, म्हणजे अख्खं बेट एका छताखाली! मोठ्या शहरात हे होणं शक्यच नाही.

निखिल_प:
नाही पटलं. पोरांचं काय? माध्यमिक शाळेसाठी त्यांना लर्विकला, म्हणजे शेटलंडच्या मुख्य गावात, हॉस्टेलवर राहावं लागतं आणि नाताळची सुट्टी जानेवारीच्या सुरुवातीलाच संपते, म्हणजे १३ तारखेला ती वर्गात बसलेली असणार. तीसातली दोन-चार जरी नसली तरी अख्खं बेट जमलं असं कसं म्हणायचं? आणि ज्यांनी पुढे ही परंपरा चालवायची तीच नेमकी गैरहजर.

लाटांवर:
निखिल, मुद्दा बरोबर आहे पण ३१ डिसेंबर धरला म्हणून सगळे पोचतील असं थोडंच आहे. तिथला धक्का इतका उघड्यावर आहे की बोट पाण्यात बांधून ठेवताच येत नाही, प्रत्येक फेरीनंतर यंत्राने उचलून वर घ्यावी लागते. समुद्र खवळला की बोट बंद, वारा-धुकं असलं की छोटं विमानही बंद, आणि डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऐन वादळांचे दिवस, त्यात उजेड जेमतेम सहा तास. उलट मला तर वाटतं दोन तारखा असल्या तर घरी पोचायची संधी दोनदा मिळते, एक हुकली तर दुसरी.

सुहासकाका:
एक गोष्ट राहिली. जुन्या कॅलेंडरप्रमाणे १८०० आणि १९०० ही लीप वर्षं होती, नव्याप्रमाणे नव्हती. फूलावाल्यांनी १८०० चा जादा दिवस धरला, त्यामुळे ११ दिवसांचा फरक १२ झाला, पण १९०० चा धरला नाही, म्हणून तो १२ वरच राहिला, नाहीतर न्यूअरडे आज १४ ला आला असता. म्हणजे एकदा सोयीने बदल झालेलाच आहे. तेव्हा "अजिबात हात लावू नये" हे काही खरं नाही.

मंजिरी:
काका, पण तो बदल बेटावरच्यांनी केला ना, बाहेरून कुणी सांगितलं म्हणून नाही. उद्या त्यांनीच ठरवलं तर मी कशाला अडवू. माझा विरोध बाहेरून येणाऱ्या "आता तरी जगाबरोबर चला" या सुराला आहे.

निखिल_प:
मग त्या ठरवण्यात हॉस्टेलवरच्या पोरांनाही विचारा एवढंच म्हणणं आहे माझं. आणि "किती गोड परंपरा" म्हणणारे आपण बाहेरचेच आहोत हेही धरा, आपल्या कौतुकाचंही त्या तीस माणसांवर ओझं होत असेल. तारीख तीच ठेवायची तर ठेवा, पण त्या दिवशी पोरांना शाळेतून हक्काची रजा मिळाली पाहिजे, बोट-विमान चालू असेल तेव्हा आधीच निघता यावं इतकी.